दहाच्या चौरसाचे कोडे : ‘सापडत नाही’ आणि ‘असूच शकत नाही’

मराठीत ‘नाही’ हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टी सांगतो. ‘किल्ली कपाटात नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा कधी कपाटातील वस्तू न् वस्तू बाहेर काढून पाहिलेली असते, तर कधी एखाद्या खणात नुसता हात फिरवलेला असतो. व्यवहारात या दोहोंतील अंतराकडे दुर्लक्ष केले तरी फारसे बिघडत नाही. गणितात मात्र ‘अजून सापडत नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ या विधानांमध्ये कधी कधी शतकांचे अंतर असते. मोजक्या वस्तू ठरावीक अटी पाळून किती प्रकारे मांडता येतील याचा विचार करणारी गणिताची शाखा म्हणजे समचयात्मक गणित, अर्थात कॉम्बिनेटोरिक्स. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा अभ्यास करणारा आलेख सिद्धांत हे तिचेच भावंड. या दोन्ही शाखांतील अनुत्तरित प्रश्न शाळकरी विद्यार्थ्यालाही समजावून सांगता येतात. त्यांची उत्तरे मात्र जगातील उत्तमोत्तम गणितींना आणि महासंगणकांनाही सापडलेली नाहीत.

अशा एका प्रश्नाच्या इतिहासात शरच्चंद्र शंकर श्रीखंडे या मराठी गणितीचे नाव कायमचे कोरले गेले आहे. १७७ वर्षे खरी मानली गेलेली एक अटकळ त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये खोटी ठरवली. त्या प्रश्नाची उरलेली बाजू आजही उघडी आहे. ती समजून घेण्यासाठी प्रथम एका शेतात जाऊ.

लामत्याची बांधी

गोंदियाहून जबलपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बालाघाट सोडल्यानंतर, नैनपूरच्या अलीकडे लामता हे गाव लागते. मध्य प्रदेशातील बालाघाट हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला धानाचा जिल्हा. तेथील चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आपल्याकडे गोव्यात ज्याला भाताचा कुणगा म्हणतात, त्याला त्या पट्ट्यात धानाची बांधी म्हणतात.

लामत्याच्या एखाद्या शेतकऱ्याला धानाच्या चार वाणांपैकी कोणते वाण आपल्या जमिनीत अधिक पिकते, हे पडताळून पाहायचे आहे, अशी कल्पना करू. त्याने शेताचे चार ओळी आणि चार स्तंभ असे सोळा सारखे तुकडे पाडले. अडचण अशी की जमीन सर्वत्र सारखी नसते. वरच्या ओळीतील तुकड्यांतून पाणी लवकर निथळते, तर खालच्या ओळीत ते साचून राहते. एका कडेच्या स्तंभावर झाडांची सावली पडते, दुसऱ्या कडेला ऊन भरपूर. एखादे वाण चारही वेळा खालच्या ओळीतच पेरले, तर उत्पन्नातील फरक वाणामुळे पडला की पाण्यामुळे, हे कळणार नाही. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक स्तंभातही एकदाच येईल, अशी पेरणी करणे. अशा मांडणीला ‘लॅटिन चौरस’ म्हणतात. वर्तमानपत्रांतून रोज छापले जाणारे सुडोकू सोडवून झाले की हाती येतो तोही नऊ ओळींचा लॅटिन चौरसच, फक्त त्याला आणखी एक अट जोडलेली असते. शेतीवरील प्रयोगांत अशा चौरसांचा पद्धतशीर वापर इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी रूढ केला. प्रयोगांच्या आखणीवरील त्यांचा ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता याच शेतकऱ्याला चार प्रकारची खतेही त्याच हंगामात तपासायची आहेत. खतांचीही मांडणी लॅटिन चौरसाची हवी, आणि शिवाय प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी एकदा, आणि एकदाच, गाठ पडायला हवी. वाणांना क, ख, ग, घ आणि खतांना १, २, ३, ४ अशी नावे दिली, तर पुढील मांडणी सगळ्या अटी पाळते :

क१ ख२ ग३ घ४
ख३ क४ घ१ ग२
ग४ घ३ क२ ख१
घ२ ग१ ख४ क३

सोळा तुकडे आणि सोळा जोड्या. एकही जोडी दोनदा आलेली नाही. अक्षरांचा चौरस वेगळा काढला आणि अंकांचा वेगळा, तर दोन्ही लॅटिन चौरस आहेत. एकमेकांवर ठेवल्यावर सगळ्या जोड्या नेमक्या एकदाच दाखवणाऱ्या अशा दोन चौरसांना ‘परस्परलंब’ म्हटले जाते. दोन चौरस एकमेकांवर ठेवून तिसरी रचना साधण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’तील भद्रगणित या प्रकरणात ‘छाद्य’ आणि ‘छादक’ अशा दोन चौरसांच्या मिलनातून जादूचे चौरस घडवण्याची रीत दिलेली आहे.

तीन ओळींच्या चौरसातही अशी जोडी सहज जमते. दोन ओळींच्या चौरसात मात्र ती जमणे शक्य नाही. पहिल्या ओळीत क१ आणि ख२ लिहिले की दुसऱ्या ओळीत ख२ आणि क१ लिहिण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि जोड्या पुन्हा त्याच येतात. इथले ‘नाही’ पक्के आहे, कारण सगळ्या शक्यता आपण डोळ्यांनी पाहिल्या.

छत्तीस अधिकारी

थोर स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी हाच प्रश्न लष्करी वेशात मांडला. सहा पलटणी, आणि प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचा एकेक, असे एकूण छत्तीस अधिकारी आहेत. त्यांना सहा ओळी आणि सहा स्तंभांत अशा रीतीने उभे करायचे की प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी असेल. म्हणजे सहा ओळींच्या परस्परलंब लॅटिन चौरसांची जोडी शोधायची.

ऑयलर यांचा या विषयावरील प्रबंध १७८२ मध्ये प्रसिद्ध झाला. विषम ओळींसाठी आणि चारने भाग जाणाऱ्या ओळींसाठी अशी जोडी कशी रचावी, हे त्यांना ठाऊक होते. उरल्या २, ६, १०, १४, १८ अशा, चारने भागल्यावर बाकी दोन उरणाऱ्या संख्या. दोनसाठी जोडी नाही हे उघड होते. सहासाठी पुष्कळ खटपट करूनही ती सापडली नाही. यावरून ऑयलर यांनी अटकळ बांधली की या मालिकेतील कोणत्याच संख्येसाठी अशी जोडी असू शकत नाही.

हे अनुमान किती तोकड्या पायावर उभे होते, ते पाहण्यासारखे आहे. पुराव्यादाखल दोनच उदाहरणे होती, आणि त्यांतील एक, म्हणजे सहाचे, सिद्धही झालेले नव्हते. पण अनुमान ऑयलर यांचे होते. त्यांच्या नावाचा दबदबा असा की बहुतेकांना ते खरेच वाटत राहिले.

सहाच्या बाबतीत ऑयलर बरोबर होते. फ्रेंच हौशी गणिती गास्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास हे हाताने मोजून सिद्ध केले. सहा ओळींचे लॅटिन चौरस एकूण ८१,२८,५१,२०० आहेत. ओळींची, स्तंभांची आणि चिन्हांची नुसती अदलाबदल करून होणारे चौरस वेगळे मोजण्याची गरज नसते. हे ध्यानात घेऊन तारी यांनी कामाचा पसारा ९,४०८ प्रमाणित चौरसांवर आणि तेथून १७ गटांवर आणला, आणि प्रत्येक गट तपासून जोडी नसल्याचे दाखवले. कपाट पुरते रिकामे करून पाहिल्यानंतरचे हे ‘नाही’ होते. दहाच्या बाबतीत मात्र कपाट एवढे मोठे होते की ते रिकामे करण्याचा विचारही कोणाला परवडणारा नव्हता.

सागर ते चॅपल हिल

शरच्चंद्र श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी मध्य प्रदेशातील सागर येथे झाला. सागर, बालाघाट आणि नागपूर ही ठिकाणे त्या काळी एकाच प्रांतात होती आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. सागरसारख्या गावातील हुशार मराठी मुलाने उच्च शिक्षणासाठी नागपूर गाठावे, हे त्या वेळी स्वाभाविक होते. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकल्यानंतर श्रीखंडे पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिल येथे गेले आणि १९५० मध्ये त्यांनी तेथून डॉक्टरेट मिळवली. त्यांचे मार्गदर्शक होते राजचंद्र बोस. बोस यांचा जन्मही मध्य प्रदेशातीलच, १९०१ मधला, होशंगाबादचा. प्रयोगांच्या आखणीचे गणित भारतात रुजवणाऱ्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले हे गणिती.

श्रीखंडे यांच्या सुरुवातीच्या कामाचा विषयच ‘असूच शकत नाही’ हा होता. काही विशिष्ट सममित रचना अशक्य आहेत, हे सिद्ध करणारा त्यांचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांनी त्यांनी जे दाखवले, ते नेमके उलट होते : जे सर्वांनी अशक्य मानले, ते शक्य आहे.

अमेरिकेतील अर्नेस्ट पार्कर हे गणिती याच सुमारास या प्रश्नावर काम करत होते. त्यांच्या एका शोधापासून प्रेरणा घेऊन बोस आणि श्रीखंडे यांनी २२ ओळींच्या परस्परलंब चौरसांची जोडी रचली. ऑयलर यांच्या मालिकेतील एक संख्या अशा प्रकारे निखळली. पाठोपाठ पार्कर यांनी दहा ओळींची जोडी उभी केली. मग तिघांनी मिळून २ आणि ६ वगळता मालिकेतील प्रत्येक संख्येसाठी अशी जोडी असतेच, हे सिद्ध केले. ऑयलर यांचे अनुमान दोन ठिकाणी खरे आणि उरलेल्या अनंत ठिकाणी खोटे निघाले. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिती वर्तुळात या त्रिकुटाला ‘ऑयलरचा बेत उधळणारे’ अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले.

श्रीखंडे यांनी बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख आणि तेथील प्रगत गणित अध्ययन केंद्राचे संस्थापक संचालक म्हणून त्यांनी १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत काम केले. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू होण्यापूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होती. त्यामुळे श्रीखंडे यांनी उभारलेला गणित विभाग हा त्या पिढीतील गोमंतकीय पदवीधरांच्या विद्यापीठाचाही गणित विभाग होता. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दोन आहेत, सात नाहीत, मधले काय?

दहाच्या चौरसाची जोडी सापडल्याने प्रश्न संपला नाही. तो अधिक टोकदार झाला. चार ओळींच्या चौरसांत दोनच नव्हे, तर एकमेकांशी परस्परलंब असलेले तीन चौरस सापडतात. म्हणजे लामत्याच्या शेतकऱ्याला वाण आणि खत यांच्यासोबत पेरणीच्या चार तऱ्हाही त्याच सोळा तुकड्यांत तपासता येतील. कोणत्याही चौरसाच्या बाबतीत ही संख्या ओळींच्या संख्येपेक्षा एकने कमी, याहून अधिक असू शकत नाही. ओळींची संख्या मूळ संख्या किंवा मूळ संख्येचा घात असेल, म्हणजे ३, ४, ५, ७, ८, ९ अशी असेल, तर ही कमाल मर्यादा गाठता येते. दहासाठी कमाल मर्यादा नऊ. मग दहा ओळींचे एकमेकांशी परस्परलंब असे किती चौरस खरोखर मिळतात?

दोन मिळतात, हे १९५९ पासून ठाऊक आहे. तीन मिळतात का, हे आजही कोणालाच माहीत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. बोस यांनी १९३८ मध्येच दाखवले होते की नऊच्या नऊ चौरस मिळणे आणि ‘दहा कोटीचे प्रक्षेपीय प्रतल’ मिळणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. हे प्रतल म्हणजे १११ बिंदू आणि १११ रेषा यांची अशी रचना, की प्रत्येक रेषेवर ११ बिंदू असतील, कोणत्याही दोन बिंदूंतून नेमकी एक रेषा जाईल आणि कोणत्याही दोन रेषा नेमक्या एका बिंदूत मिळतील. कॅनडातील माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे संगणकांवर शोध घेतला. त्याच्या अखेरच्या टप्प्यात क्रे महासंगणकाचे सुमारे दोन हजार तास खर्ची पडले. १९८९ मध्ये त्यांनी जाहीर केले की असे प्रतल अस्तित्वात नाही.

हे ‘नाही’ कोणत्या प्रकारचे? माणसाने वाचून पडताळावी अशी ती सिद्धता नव्हती. यंत्राने लक्षावधी शक्यता चाळून ‘काही सापडले नाही’ असे सांगितले होते, आणि यंत्राच्या नजरचुकीची शक्यता लॅम यांनी स्वतःच मोकळेपणाने चर्चिली होती. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने, २०२१ मध्ये, दुसऱ्या एका गटाने निराळ्या पद्धतीने, स्वतंत्रपणे तपासता येतील अशी संगणकीय प्रमाणपत्रे तयार करून हा निष्कर्ष पुन्हा पक्का केला. ‘सापडत नाही’ला ‘असूच शकत नाही’चा दर्जा मिळण्यासाठी असे श्रम लागतात.

नऊ चौरस मिळत नाहीत, एवढेच यावरून कळते. आठ मिळत असतील काय? सात? इथे पुन्हा श्रीखंडे मदतीला येतात. त्यांनी १९६१ मध्ये एका छोट्या टिपणात दाखवले होते की कमाल मर्यादेपेक्षा दोनच चौरस कमी असतील, तर चार ओळींचा अपवाद वगळता ते उरलेले दोन नेहमी भरून काढता येतात. दहाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की सात चौरस मिळाले तर नऊ मिळालेच म्हणून समजावे. आणि नऊ तर अशक्य आहेत. म्हणून सातही अशक्य. संगणकाने मिळवलेल्या एका नकाराला अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या दोन पानी टिपणाने असे अधिक धारदार केले.

तेव्हा आजची स्थिती अशी आहे : दहा ओळींचे दोन परस्परलंब चौरस आहेत, सात नाहीत, तीन, चार, पाच किंवा सहा आहेत की नाहीत, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

वेगवान संगणकांना सगळे चौरस तपासायला का लावू नये, असे वाटणे साहजिक आहे. दहा ओळींच्या लॅटिन चौरसांची संख्या १९९५ मध्ये नेमकी मोजली गेली. ती जवळजवळ १ वर ३७ शून्ये एवढी आहे. सेकंदाला एक हजार कोटी चौरस पाहणारे यंत्र विश्वाच्या आरंभी सुरू केले असते, तरी सगळे चौरस नुसते पाहून होण्यासाठी विश्वाच्या आजच्या वयाच्या दोनशे कोटी पटींहून अधिक काळ लागला असता. तारी यांच्याप्रमाणे अदलाबदलीचे चौरस गाळून पसारा कितीही आवरला, तरी तो आवाक्यात येत नाही. इथे नवी कल्पनाच हवी.

बारा ओळींच्या बाबतीत तर याहूनही अंधार आहे. बारा कोटीचे प्रक्षेपीय प्रतल आहे की नाही, याविषयी होकारही नाही आणि नकारही नाही. अशी प्रतले फक्त मूळ संख्या आणि त्यांच्या घातांसाठीच असतात, असा अनेकांचा कयास आहे. पण ऑयलर यांचा अनुभव पाठीशी असताना अशा कयासावर विसंबण्याचे धाडस गणिती करत नाहीत.

सोळा माणसे आणि नव्याण्णव माणसे

श्रीखंडे यांच्या नावाने एक आलेखही प्रसिद्ध आहे. तोही १९५९ मधलाच. आलेख म्हणजे काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना जोडणाऱ्या रेषा. बिंदूंऐवजी माणसे आणि रेषांऐवजी ओळख असे मानले, तर चित्र डोळ्यांसमोर आणणे सोपे जाते.

सोळा माणसांना चार ओळी आणि चार स्तंभांत बसवा. एकाच ओळीत किंवा एकाच स्तंभात बसलेल्यांची एकमेकांशी ओळख आहे, इतरांची नाही. मग प्रत्येकाच्या ओळखीचे सहा जण होतात. कोणत्याही दोन ओळखीच्या माणसांना नेमके दोन सामाईक ओळखीचे असतात, आणि कोणत्याही दोन अनोळखी माणसांनाही नेमके दोनच. आता प्रश्न असा : प्रत्येकी सहा ओळखी, आणि कोणत्याही जोडीला दोन सामाईक ओळखी, एवढीच माहिती हाती असेल, तर मूळचे चित्र नेमके ठरते का?

श्रीखंडे यांनी सिद्ध केले की अशा प्रकारच्या मांडणीत एका बाजूला चार सोडून इतर कितीही माणसे घेतली, तर चित्र एकच असते. नेमके चारच्या ठिकाणी मात्र त्याला एक जुळे भावंड आहे. ते असे : सोळा जणांना पुन्हा चार-चारांच्या ओळींत बसवा, पण आता प्रत्येकाची ओळख त्याच्या लगतच्या डाव्या, उजव्या, वरच्या व खालच्या माणसाशी, तसेच वर-डावीकडे आणि खाली-उजवीकडे कोपऱ्यात असलेल्या दोघांशी आहे. उजवी कड संपली की डाव्या कडेपासून पुन्हा सुरुवात होते, आणि खालची कड संपली की वरून. याही चित्रात प्रत्येकाच्या सहा ओळखी आणि प्रत्येक जोडीला दोन सामाईक ओळखी आहेत. मोजदाद तंतोतंत तीच. चित्र मात्र निराळे. पहिल्या चित्रात कोणाही एकाच्या सहा ओळखीच्यांना एकत्र बोलावले तर त्यांचे तिघा-तिघांचे दोन कंपू पडतात. दुसऱ्या चित्रात तेच सहा जण गोलाकार पंगत धरतात आणि त्यांतील प्रत्येक जण फक्त आपल्या दोन शेजाऱ्यांना ओळखतो.

या जुळ्या आलेखांतून एक व्यापक प्रश्न उभा राहतो. दोन आलेख वरून वेगळे दिसत असले तरी आतून एकच आहेत की नाहीत, हे झटपट ओळखण्याची हमखास रीत आहे का? साध्या मोजदादीवर आधारलेल्या रीती श्रीखंडे आलेखासारख्या ठिकाणी फसतात. हंगेरियन-अमेरिकन गणिती लास्लो बाबाई यांनी २०१५ मध्ये पूर्वीच्या सगळ्या रीतींपेक्षा पुष्कळ जलद रीत मांडली. तरीही संगणकशास्त्र ज्याला खऱ्या अर्थाने जलद म्हणते अशी रीत आहे की नाही, हा प्रश्न उघडाच आहे.

याच जातीचे दुसरे कोडे इंग्रज गणिती जॉन कॉनवे यांच्या नावाने ओळखले जाते. नव्याण्णव माणसे आहेत. कोणत्याही दोन ओळखीच्या माणसांना नेमका एक सामाईक ओळखीचा, आणि कोणत्याही दोन अनोळखींना नेमके दोन, अशी ओळखींची मांडणी करता येईल का? नव्याण्णवऐवजी नऊ माणसे घेतली तर उत्तर सोपे आहे. त्यांना तीन-तीनच्या ओळींत बसवा आणि एकाच ओळीतल्या वा स्तंभातल्यांची ओळख करून द्या. दोन्ही अटी पाळल्या जातात. वाचकांनी हे कागदावर जरूर करून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे. गणित असे सांगते की या अटी पाळणारी मांडणी असलीच, तर माणसांची संख्या ९, ९९, २४३, ६,२७३ किंवा ४,९४,०१९ यांपैकीच एक असली पाहिजे. नऊची मांडणी आपण पाहिली. २४३ ची मांडणी १९७३ मध्ये मिळाली. ९९ ची मिळालेली नाही, आणि ती असू शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. प्रत्येकाच्या चौदाच ओळखी असणार, एवढे मात्र निश्चित आहे. कॉनवे यांनी २०१४ मध्ये या प्रश्नावर हजार डॉलरचे बक्षीस लावले. त्यांचेही निधन एप्रिल २०२० मध्येच, श्रीखंडे यांच्या दहा दिवस आधी झाले.

उपयोग आणि अट

या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न येतोच. लॅटिन चौरसांचा उपयोग शेतातील प्रयोगांत आपण पाहिला. औषधांच्या आणि उद्योगांतील चाचण्यांतही अशाच मांडण्या वापरल्या जातात. बोस यांनी ज्या बीजगणिताच्या आधारे चौरस रचले, त्याच बीजगणितातून १९६० मध्ये त्यांनी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्यासह संदेशातील चुका दुरुस्त करणारे संकेत तयार केले. फ्रान्समध्ये ऑकेंगेम यांनी तेच संकेत त्याआधी वर्षभर स्वतंत्रपणे शोधले होते, म्हणून त्यांना तिघांच्या नावाने ‘बीसीएच संकेत’ म्हणतात. मासळी बाजारात पैसे चुकते करताना आपण जो क्यूआर कोड मोबाइलसमोर धरतो, त्याच्या रचनेतही या संकेतांचा वाटा आहे. कोड थोडा मळला वा फाटला तरी वाचता येतो, तो अशा गणितामुळे.

‘अशक्य’ हा शब्दही नियमांना बांधलेला असतो, याचे ताजे उदाहरण २०२२ मधले आहे. आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी पोलंडमधील सहकाऱ्यांसह छत्तीस अधिकाऱ्यांचा प्रश्न पुंजयामिकीच्या नियमांनुसार मांडला. त्या जगात एक अधिकारी एकाच वेळी अनेक पलटणींच्या आणि हुद्द्यांच्या मिश्रणात असू शकतो. ही सूट दिल्यावर, तारी यांनी अशक्य ठरवलेली मांडणी शक्य होते. तारी चुकले नव्हते; प्रश्नाची अट बदलली होती.

शाळा-महाविद्यालयांत आपण ज्यांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात, असेच प्रश्न शिकतो. त्यामुळे गणितातील सगळे काही कधीचेच ठरून गेले आहे, असा समज दृढ होतो. प्रत्यक्षात दहा ओळींच्या चौरसासारखी, वहीच्या एका पानावर मावणारी गोष्टही अर्धीच कळलेली आहे. ऑयलर यांच्यासारख्या गणितीनेही दोन उदाहरणांवरून नियम सांगितला आणि तो १७७ वर्षांनी कोसळला. तो पाडणाऱ्यांपैकी दोघे जण सागर आणि होशंगाबाद अशा मध्य भारतातील साध्या गावांत जन्मले होते. त्यांनी ऑयलर यांच्या अटकळीला सिद्धता मानले नाही आणि ‘सापडत नाही’ हे उत्तर म्हणून स्वीकारले नाही.

आजचे विद्यार्थी लामत्याचे असोत वा काणकोणचे, त्यांच्यासमोर तोच प्रश्न एका पावलाने पुढे सरकून उभा आहे. दहा ओळी, दहा स्तंभ आणि एकमेकांशी परस्परलंब असे तीन चौरस. ते असतील तर कोणी तरी एक दिवस ते कागदावर मांडून दाखवील, आणि मग पडताळणीला काही मिनिटे पुरतील. नसतील, तर ‘नाहीत’ एवढे म्हणण्यासाठीही सिद्धता द्यावी लागेल. तोवर ‘माहीत नाही’ हेच या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहे.